शून्य टोनचं वाद्य

माझ्याकडे दुरुस्तीला कीबोर्ड घेऊन येणारा माणूस ऑर्केस्ट्रातला असो, बेंजो पथकातला असो की भजनी मंडळातला, टेबलावर एखादा अनोळखी सिंथेसायझर दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ह्यात टोन किती?" टोन म्हणजे आधीच भरून ठेवलेले आवाज. शहनाई, बासरी, सतार, तुतारी. गणपतीच्या दिवसांत ज्याच्या कीबोर्डातली तुतारी खणखणीत, त्याला सुपाऱ्या जास्त मिळतात. त्यात वावगं काहीच नाही, तो पोटाचा प्रश्न आहे. पण टेबलावरचं यंत्र मिनीमूगच्या जातीचं असेल तर खरं उत्तर "एकही नाही" असं द्यावं लागतं. मग दुसरा प्रश्न येतो : "मग ह्याचं करायचं काय?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये कुठल्याच वाद्याचा आवाज साठवलेला नसतो. तार नाही, चामडं नाही, भाता नाही. एक सर्किट असतं, ऑसिलेटर नावाचं. ते विजेचा दाब सेकंदाला ठरावीक वेळा वरखाली करतं. सेकंदाला ४४० वेळा केला, की स्पीकरमधून पांढरी सहा ऐकू येते. हा चढउतार करवती, चौकोनी की त्रिकोणी, त्यावर आवाजाची जात ठरते. करवती लाट झणझणीत, पितळी. चौकोनी लाट पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारी. त्यानंतर येतो फिल्टर. तो आवाजातला वरचा भाग कापतो. कुठून कापायचं ते कटऑफचा नॉब ठरवतो, आणि कापलेल्या कडेला किती धार काढायची ते रेझोनन्सचा. शेवटी एन्व्हलप : सूर किती झटकन उठावा, किती उतरून कुठे स्थिर राहावा, पट्टी सोडल्यावर किती रेंगाळावा. बस, एवढंच. बाकी सगळं वाजवणाऱ्याच्या बोटांत आणि कानांत.

आता एक प्रयोग सांगतो. माझ्याकडे कोणी खरी उत्सुकता घेऊन आला, तर मी त्याला हाच करून दाखवतो. खर्जातला सा करवती लाटेवर धरून ठेवायचा. फिल्टर पूर्ण मिटवायचा, रेझोनन्स बराच चढवायचा आणि कटऑफ अगदी सावकाश उघडत न्यायचा. पट्टी एकच दाबलेली आहे, सूर एकच आहे, तरी आवाजाच्या पोटातून एकेक स्वर वर येऊ लागतात : सा, मग वरचा सा, मग पंचम, पुन्हा सा आणि त्यानंतर स्वच्छ, हलकासा गंधार. तानपुरा उत्तम जुळला की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात, तोच हा, मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा. तानपुऱ्यात तो कधी दिसतो, कधी हुलकावणी देतो. इथे नॉबच्या टोकाला तो हवा तेवढा वेळ धरून ठेवता येतो. गाणं शिकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, ते पाहण्यासाठी मी हा धंदा आणखी वीस वर्षं करीन.

म्हणून माझं म्हणणं असं, की सिंथेसायझरला शहनाईची नक्कल करायला लावणं हा त्याचा सगळ्यात दुय्यम उपयोग आहे. ज्या दोन गोष्टींसाठी आपला कान तयार झालेला असतो, स्वराच्या आतले स्वर आणि दोन स्वरांमधला प्रवास, त्या दोन्ही ह्या वाद्यात जन्मापासून आहेत.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच ह्या संगीतकाराच्या सोबतीने १९६४ साली आपला पहिला नमुना तयार केला, तेव्हा ते यंत्र म्हणजे वायरींनी जोडायची कपाटं होती. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखचं संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली, आणि प्रयोगशाळेतली चीज घराघरात ऐकू येऊ लागली. मिनीमूग आला १९७० साली : तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, सगळं एका पेटीत, काखोटीला मारून नेण्याजोगं. एका वेळी एकच स्वर. आठवण ठेवण्याची सोय नाही. काल सापडलेला आवाज आज परत हवा, तर नॉब कुठे होते ते कागदावर काढून ठेवा. पट्ट्यांच्या डाव्या हाताला दोन चाकं दिली होती, त्यातलं एक स्वर वाकवण्यासाठी. सतारीवर तार ओढून जे केलं जातं, ते आता पट्टीच्या वाद्यावर शक्य झालं होतं.

ही गोष्ट आपल्यासाठी किती मोठी आहे, हे कळायला पेटीचा इतिहास आठवावा लागेल. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. आक्षेप दोन होते : पेटीचे स्वर ठोकळेबाज अंतरावर पक्के बसवलेले, श्रुतींना जागा नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड नाही. पेटीवाल्यांनी ह्या आक्षेपांना बोटांच्या करामतीने उत्तरं दिली, ती थोरच आहेत. पण नेमक्या ह्याच दोन गोष्टी करणारं पट्टीचं वाद्य बंदी उठायच्या सुमारास जगात आलं होतं. आपल्याकडे त्याची गाठ ज्यांच्याशी पडायला हवी होती, त्यांच्याशी ती फारशी पडली नाही.

एका ठिकाणी मात्र पडली. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्र आणून स्टुडिओ उभा केला. गौतम आणि गिरा साराभाई यांची ती संस्था. त्यांच्या भगिनी गीता साराभाई पखवाज वाजवत आणि १९४६ साली त्यांनी जॉन केज यांना आपल्या संगीताचे धडे दिले होते. त्या स्टुडिओत गीताबेन आणि इतर काही भारतीय संगीतकारांनी तीनेक वर्षं काम केलं. मग सगळं थांबलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. इंग्लंडमधले कलाकार पॉल पर्गस यांना त्या २०१७ साली सापडल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मी त्या ऐकल्या तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला आणि लगेच हळहळ वाटली. मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर हे चाललं होतं आणि आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांपैकी कोणाच्याही तोंडून मी त्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

मुंबईची स्वतःची वाट वेगळी होती. १९५४ सालच्या ‘नागिन’ची पुंगी सगळ्यांच्या कानात आहे. चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं, पण ती पुंगी वाजवली कल्याणजींनी, क्लॅव्हियोलिनवर. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली घडवलेलं हे व्हॉल्व्हवर चालणारं छोटं एकसुरी वाद्य. ही नक्कलच होती, असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, नीट ऐका. खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात, त्यातली एक सूर धरून ठेवते. क्लॅव्हियोलिनला एका वेळी दोन स्वर काढताच येत नाहीत. कल्याणजींनी पुंगीचं डोलणं घेतलं, कंप घेतला आणि यंत्राचा अनुनासिक आवाज लपवायला गेले नाहीत. पुढे वरातीच्या बँडपासून गारुड्यापर्यंत सगळे त्या यंत्राचीच चाल वाजवू लागले.

आणि मग १९८२. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. त्यांनी एचएमव्हीसाठी एक एलपी केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ललत, तोडी, यमन, मालकंस, बैरागी असे दहा राग, तबला-तानपुरा काही नाही, फक्त तीन जपानी यंत्रं, तिन्ही रोलंड कंपनीची. रागाची बढत ज्युपिटर-८वर हाताने वाजवलेली. ठेका टीआर-८०८चा. आणि खाली अखंड धावणारी खर्जाची रेघ टीबी-३०३ची.

टीबी-३०३बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सिंथवेड्यांच्या जगात ह्या चंदेरी डबीइतकं प्रेम क्वचितच कशाला मिळालं असेल. तादाओ किकुमोतो ह्या अभियंत्याने ती घडवली. उद्देश साधा : एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेस गिटारची साथ मिळावी. ऑसिलेटर एक, फिल्टर एक, वर सहा नॉब. स्वर एकदा भरायचे, त्यांचा काळ वेगळा भरायचा, आणि कुठल्या स्वरावर जोर, कुठे स्लाइड, तेही नेमून द्यायचं. बेस गिटारची नक्कल म्हणून ती सपशेल पडली. आवाज बेससारखा येईना आणि स्वर भरण्याची पद्धत इतकी किचकट, की भरलं एक आणि वाजलं भलतंच, असं व्हायचं. १९८४च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि उरलेला माल जुन्या बाजारात मातीमोल गेला. तिथून तो शिकागोच्या पोरांच्या हाती पडला. पैसे बेताचे, बेस गिटारशी देणंघेणं नाही. त्यांनी यंत्र चालू ठेवून नॉब फिरवायला सुरुवात केली. फ्यूचर ह्या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ साली बाहेर आली आणि ॲसिड हाउस नावाचा संगीतप्रकारच उभा राहिला. त्या संगीताचा जो चिवचिवता, चिकट, गळा काढणारा आवाज, तो दुसरं काही नसून मघाचाच प्रयोग आहे. खर्जाचा सूर आणि त्याच्या पोटातले स्वर एकामागून एक वर काढणारा फिल्टर.

चरणजित सिंगांनी तेच यंत्र पाच वर्षं आधी रागांखाली धावतं ठेवलं होतं. एलपी तेव्हा चालली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपात खळबळ माजली : ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं का? सत्तरीच्या घरातले चरणजितजी युरोपात जाऊन तेच राग वाजवून आले, आणि जुलै २०१५मध्ये मुंबईत वारले. पहिलं कोण, ह्या वादात मला रस नाही. शिकागोवाल्यांनी ही एलपी ऐकली असण्याचं काही कारण नव्हतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन टोकांच्या दोन शहरांत ज्यांनी ह्या यंत्राला बेस गिटार व्हायला सांगितलं नाही, त्यांनाच ते वश झालं.

मग टोनची सवय कुठून लागली? १९८३पासून, असं माझं निदान. त्या वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर उभा, पूर्ण डिजिटल, एका वेळी सोळा स्वर, आणि आवाज असा लखलखीत की ऐंशीच्या दशकातली निम्मी गाणी त्याने भरून टाकली. पण त्याच्यावर नॉब नव्हते. बटणं होती आणि एक चिमुकला पडदा. आवाज स्वतः घडवणं इतकं अवघड, की बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले बत्तीस आवाजच वाजवले. १९८८मध्ये कॉर्ग एम१ आला, त्यात खऱ्या वाद्यांच्या आवाजांचे नमुनेच भरलेले. तिथून पुढे कीबोर्ड म्हणजे टोनचं कपाट. १९८३चीच दुसरी देणगी मात्र निखळ चांगली : मिडी. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने एकमेकांच्या स्पर्धेतल्या कंपन्यांनी एकच जोडणी मान्य केली. चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आणि आजचं यंत्र मी पाच पिनांच्या त्याच वायरने जोडतो आणि दोघं एकमेकांशी बोलतात. कॉम्प्युटरच्या जगात इतकी जुनी भाषा इतक्या सचोटीने पाळलेली क्वचितच दिसेल.

नॉबांचा ओढा पुन्हा सुरू झाला तो नव्वदीत. जर्मनीतल्या डीटर डोएप्फर यांनी १९९५-९६च्या सुमारास छोट्या सुट्या भागांची पद्धत आणली, तिला आज युरोरॅक म्हणतात. एक ऑसिलेटर ह्याचा, फिल्टर त्याचा, आपल्याला हवं तसं जोडा. २०१३ साली कॉर्गने आपला १९७८चा एमएस-२० लहान आकारात पुन्हा काढला. मिनीमूग, ३०३ यांच्या स्वस्त प्रतिकृती आल्या. जुना ज्युपिटर-८ घ्यायचा तर चांगल्या मोटारीचे पैसे मोजावे लागतात. प्रतिकृती मात्र पगारदार मुलाच्या आवाक्यात आहेत. जुनं तेच खरं म्हणणारे लोक ह्या प्रतिकृतींना नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या पोराने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर रात्रभर फिल्टर फिरवला, त्याचा कान त्या रात्री तयार झाला.

तरी जुन्या यंत्राची ओढ खोटी नाही, हेही टेबलावर बसून मी सांगू शकतो. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की सप्तक एक चढतं. म्हणजे बारा स्वरांत एक व्होल्ट वाटायचा, एका स्वराच्या वाट्याला ८३ मिलिव्होल्ट. त्यातला एखादा मिलिव्होल्ट हलला तरी कान ओळखू लागतो. आतले ट्रान्झिस्टर तापमानाला हळवे असतात. यंत्र चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावं लागतं, मग जुळवायचं, आणि पंखा लावला की पुन्हा कान द्यायचा. ज्याने मैफिलीआधी तानपुऱ्याच्या जव्हारीशी झटापट केली आहे, त्याला ह्यात जाच वाटत नाही. तीन ऑसिलेटर एका सुरात लावले तरी तिघांमध्ये केसाएवढा फरक राहतोच, आणि त्या फरकातून आवाजाला जो भरीवपणा येतो तो मला फार आवडतो.

मुंबईची हवा ह्या यंत्रांची वैरीण. खारं दमट वारं फेडरच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर बसतं आणि फेडर सरकवला की खरखर येते. त्याहून वाईट म्हणजे आतली बॅटरी. ऐंशीच्या दशकातल्या अनेक यंत्रांत आवाज साठवायला एक छोटी बॅटरी डकवलेली असते. ती गळते आणि तिचा क्षार छापील सर्किटाच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. नाशिकच्या एका गृहस्थांनी आणलेला सिंथ मी उघडला, तेव्हा हिरव्या-निळ्या बुरशीखाली रेघाच उरल्या नव्हत्या. व्हिनेगरने क्षार मारून, धुऊन, वाळवून, एकेक रेघ बारीक तारेने पुन्हा ओढली. म्हणून कोणी जुनं यंत्र घेतलं की माझं पहिलं सांगणं : वाजवायच्या आधी बॅटरी काढा. दुसरं : जपानहून आणलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३०च्या प्लगमध्ये थेट घालू नका, आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

सुटे भाग ही एक वेगळीच कहाणी. खेतवाडीतल्या माझ्या दुकानापासून लॅमिंग्टन रोड पाच मिनिटांवर आहे. कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, साधे आयसी तिथे मिळतात. पण सिंथचे खास आयसी कंपन्यांनी कधीच बंद केले होते. मग जगभरच्या वेड्यांची मागणी इतकी वाढली, की लॅटव्हियातल्या एका जुन्या कारखान्याने त्यांच्या प्रती काढायला घेतल्या. पाकिटावर रिगाचा शिक्का पाहिला की मला फार बरं वाटतं. चाळीस वर्षांपूर्वी मेलेला ऑसिलेटर त्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याने पुन्हा बोलू लागतो.

माझ्याकडे येणाऱ्या ह्या वेड्यांत पुण्याचे संगणक अभियंते आहेत, ठाण्याच्या एक दंतवैद्य आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, बेंजो पथकात वाजवणारा लालबागचा एक पोरगाही आहे. तो पोरगा टोनवर पोट भरतो आणि घरी टोन नसलेलं यंत्र वाजवतो. महिन्यातला एखादा रविवार ही मंडळी कोणाच्या तरी घरी जमतात. गाणं वाजवून दाखवायचा आग्रह नसतो. एकाने आवाज घडवायचा, दुसऱ्याने न पाहता तो कसा घडवला ते ओळखायचं, अशा बैठका रात्रीपर्यंत चालतात.

सध्या टेबलावर ३०३ची एक प्रतिकृती उघडी पडली आहे. मालकीण विशीतली, किराणा घराण्याची तालीम घेते. तिची तक्रार अशी : "काका, ह्याची मींड फार घाईत उतरते. थांबवता येईल?" तक्रार अगदी रास्त आहे. ३०३ची स्लाइड म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटर विजेची टाकी समजा, आणि रेझिस्टर ती भरणारी बारीक तोटी. टाकी आधी झपाट्याने भरते, काठाशी येता येता मंदावते. सूरही तसाच निघताना धावतो आणि पोचताना सावकाश टेकतो. हे टेकणं सुंदर आहे. अडचण अशी, की वेळ कायम एकच, एका सेकंदाच्या काही शतांश. पंचमावरून मध्यमावर यायलाही तेवढाच आणि षड्जापर्यंत यायलाही तेवढाच. गायिका मात्र वाटेतल्या स्वराला किती स्पर्श करायचा ते दर वेळी रागाला विचारून ठरवते.

ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन व्हिटल यांनी नव्वदीतच ३०३मध्ये अनेक फेरफार करून दाखवले, त्यात स्लाइडचा वेळ वाढवणारा नॉबही होता. त्याच कल्पनेवर मी रेझिस्टरच्या जोडीला एक पोटेन्शियोमीटर बसवून दिला. ती आठवडाभर वाजवून परत आली. दोन्ही हात गुंतलेले असतात, नॉब फिरवायला तिसरा कुठून आणू, म्हणाली; वेळ पायात हवा. म्हणून आता व्हॉल्यूमच्या पेडलच्या आतलं गियर काढून त्यात नवा पोटेन्शियोमीटर बसवतो आहे. सुरुवातीच्या अर्ध्या हालचालीतच सगळा वेळ संपतो आहे, तेव्हा लॉगरिदमिक जातीचा घालून पाहायचा आहे. शनिवारी ती काळी चारला लावलेला तानपुरा घेऊन येणार आहे. आधी मारवा वाजवून बघू असं तिचं म्हणणं. मी यमनच्या बाजूचा आहे.